आईच्या हातची हळद आणि सातवं पाऊल

ताई, मी अमळनेर तालुक्यातल्या एका गावची. वय २७. जळगावला नोकरी करते. शिरपूरच्या मुलाशी माझं लग्न ठरलंय, जात एकच असल्यामुळे तो वाद नाही आणि दोन्ही घरांचा होकार आहे. वडील २०२१ मध्ये कोविडमध्ये गेले. आईने शेत पाहिलं, आम्हा दोघी बहिणींना पाहिलं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याच शेतात, आंब्याखाली लग्न करायचं असं आम्ही दोघांनी ठरवलं. भटजी नको, कन्यादान नको. एकमेकांना मराठीत आणि अहिराणीत शब्द द्यायचे, हार घालायचे आणि मंगळसूत्र आईने माझ्या होणाऱ्या नवऱ्याच्या हाती द्यायचं. रीतीप्रमाणे केलं तर कन्यादानाला काका-काकू बसणार. हळदसुद्धा आईने दळून द्यायची, पण लावायची दुसऱ्यांनी.

काका म्हणतात, "फेरा नही ते लगीन कसानं? उद्या काही झालं तर कोर्टात कोणत्या तोंडाने उभी राहशील?" मामा म्हणतात, रजिस्टर लग्न केलं की मुलगा एकत्र कुटुंबातून तुटतो, शेतीतला हिस्सा जातो. मैत्रीण म्हणते, ग्रामपंचायतीत नोंद करून टाक, विषय संपला. होणाऱ्या नणंदबाई इंग्लंडला लेस्टरमध्ये असतात. त्या म्हणतात, तिकडेही शेतात केलेलं लग्न कायदा धरत नाही. आमचं चुकतंय का? आणि असं लग्न कायद्यात टिकेल का?

— एक वाचक, अमळनेर तालुका

पोरी,

तुझं पत्र दोनदा वाचलं. हळदीच्या वाक्यावर दोन्ही वेळा थांबले, म्हणून आधी तेच लिहिते.

माझे वडील मी नववीत असताना गेले. माझं लग्न धुळ्याजवळ आमच्या गावी झालं. लग्नाच्या आदल्या दिवशी पहाटे आईने जात्यावर हळकुंडं दळली. जाळीतून चाळताना उडालेली पिवळी धूळ तिच्या पापण्यांवर बसली होती, ती तिने पदराने पुसली. मग सवाष्णी आल्या. मला चौरंगावर बसवलं. तिनेच दळलेली हळद माझ्या गालाला पाच जणींनी लावली आणि ती मागच्या दारी बट्ट्यांच्या पिठाला मोहन घालत बसली. मी मान वळवून तिला शोधत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि पदर पुढे ओढून पीठ मळायला लागली. मला तेव्हा एवढंही सुचलं नाही की आपण उठावं आणि तिच्यापुढे गाल करावा. तीस वर्षं होऊन गेली या गोष्टीला, पण हळदीचा वास आला की ते मागचं दार समोर येतं.

तेव्हा तुमचं अजिबात चुकत नाही. आईला मांडवाच्या मधोमध आणणं ही अगदी साधी मागणी आहे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेने २०२२ च्या मे महिन्यात विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला, त्याच महिन्यात राज्य सरकारने सगळ्या ग्रामपंचायतींनी तसं करावं म्हणून परिपत्रक काढलं. तुझ्या गावाने ठराव केला असेल-नसेल, तुझ्या शेतात तो तू करू शकतेस.

पण काकांवर रागावू नकोस. त्यांचं अर्धं बोलणं खरं आहे आणि तेच अर्धं तुला नीट समजायला हवं.

हिंदू विवाह कायदा १९५५ सालचा. त्याचं कलम ७ म्हणतं की दोघांपैकी एकाच्या रूढीप्रमाणे जे विधी असतील त्या विधींनी लग्न लागतं. त्या विधींत सप्तपदी असेल तर सातवं पाऊल पडलं की लग्न पूर्ण झालं. म्हणजे तुमच्या घराण्यात फेरे आणि सप्तपदी चालत आली असेल आणि तुम्ही फक्त हार घालून मोकळे झालात, तर या कायद्याखाली ते लग्न झालं की नाही यावर उद्या कोणीही बोट ठेवू शकतो. रूढी म्हणजे काय, तेही कायद्याने सांगून ठेवलंय : पुष्कळ काळापासून, खंड न पडता, सारखेपणाने पाळलेली रीत. आपण दोघांनी मागच्या महिन्यात ठरवलेली रीत त्यात बसत नाही.

मी वकिली सुरू केली त्या काळातली गोष्ट. एका तालुका कोर्टात माझी अशील उभी होती, तुझ्याच वयाची. नवऱ्याने दुसरी बायको आणली होती. लग्नाचा अल्बम तिने पिशवीतून काढून टेबलावर ठेवला. जाड पुठ्ठ्याचा, मखमली कव्हरचा. समोरच्या वकिलाने एकेक पान उलटलं आणि विचारलं, "बाई, होम पेटला होता का? सात पावलं चाललात का? त्याचा फोटो दाखवा." फोटो हळदीचे होते, वरातीचे होते, पंगतीचे होते, नवरदेवाच्या बुटांचेसुद्धा होते. सप्तपदीचा एकही नव्हता. फोटोवाला त्या वेळी जेवायला बसला होता. भटजी वारले होते. आम्ही वऱ्हाडातले साक्षीदार शोधून काढले आणि ती निभावली, पण त्या पानं उलटण्याच्या आवाजाने ती थरथरत होती, ते मी विसरू शकत नाही. आपल्याच लग्नाचा पुरावा बाईने असा द्यायचा!

यात एक दिलासा आहे, तोही सांगते. पोटगीच्या दाव्यात कोर्टं इतका काटेकोर पुरावा मागत नाहीत, नवरा-बायको म्हणून राहिलेत एवढ्यावर पुष्कळदा भागतं. खरी अडचण येते ती नवऱ्यावर दुसऱ्या लग्नाचा गुन्हा लावताना. तिथे त्याचं दुसरं लग्नही विधिवत झालं हे पहिल्या बायकोने सिद्ध करायचं असतं. १९६५ साली सर्वोच्च न्यायालयात आपल्या महाराष्ट्रातलाच खटला गेला होता. पहिली बायको हयात असताना माणसाने दुसरं लग्न केलं, गांधर्व पद्धतीने केलं म्हणाला. न्यायालयाने पाहिलं की होम झाला नाही, सप्तपदी झाली नाही, आणि हे विधी रूढीने वगळले आहेत असंही सिद्ध झालं नाही. म्हणजे दुसरं लग्न कायद्याने लागलंच नाही, म्हणजे गुन्हाही नाही. माणूस सुटला. विधीची ही अट अशी उलटी फिरते. ज्याने फसवलं त्यालाच ती आडोसा देते.

याच्याशेजारी तामिळनाडूतलं ठेव. तिथे पेरियारांच्या स्वाभिमान चळवळीतली माणसं भटजीविना, होमाविना लग्नं लावत होती. १९५३ साली मद्रास उच्च न्यायालयाने अशी लग्नं अवैध ठरवली. हजारो घरांवर टांगती तलवार आली. १९६७ साली अण्णादुराईंचं सरकार आलं आणि त्याच वर्षी त्यांनी हिंदू विवाह कायद्यात आपल्या राज्यापुरतं कलम ७-अ घातलं. नातेवाईक किंवा मित्रमंडळींसमोर दोघांनी एकमेकांना समजेल अशा भाषेत 'मी तुला पती म्हणून, पत्नी म्हणून स्वीकारतो' म्हणायचं, किंवा एकमेकांना हार घालायचा, किंवा बोटात अंगठी घालायची, किंवा ताली, म्हणजे त्यांचं मंगळसूत्र, बांधायची. यातलं कोणतंही एक केलं की लग्न लागलं. आधी लागलेली तशी लग्नंही त्यांनी वैध करून टाकली. पुढे २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तिथला एक खटला आला : पहिली बायको असताना माणसाने देवळात दुसरं लग्न केलं आणि म्हणाला, सप्तपदी कुठे झाली? न्यायालयाने ७-अ दाखवलं आणि त्याला दोषी ठरवलं.

कृत्य तेच. तिथे सापडला, इथे सुटला. म्हणून विधी निवडायची मोकळीक हे शहरातल्या शिकलेल्यांचे चोचले आहेत असं कोणी म्हणालं की माझा जीव तुटतो. ती मोकळीक कायद्यात नीट लिहिली तर बाईच्या हातात पुरावा येतो. नाहीतर तिला फोटोवाल्याच्या जेवणाच्या वेळेवर अवलंबून राहावं लागतं.

आणि हे सुरू झालं कुठून? आपल्याच महाराष्ट्रातून. जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ ला सत्यशोधक समाज काढला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला पहिलं सत्यशोधक लग्न पुण्यात लागलं, भटजीविना. त्या विधीत वधू-वर एकमेकांशी बोलतात. स्त्रियांच्या हक्कांबद्दल वधू वराकडून शब्द मागते. दीडशे वर्षांपूर्वी! जुन्नरकडच्या ओतूरला असं लग्न लावलं तेव्हा गावच्या जोशांनी दक्षिणा बुडाली म्हणून दावा केला होता आणि तो मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला. तिथे सत्यशोधकांच्या बाजूने निकाल लागला. तुम्हाला जे सुचलंय ते परकं नाही, हे काकांना जरूर सांग. मला वाईट याचं वाटतं की ज्या मातीत हे उगवलं तिथे १९६७ सारखं कलम आजही नाही. सत्यशोधक पद्धत ही आता रूढीच झाली आहे असं मी कोर्टात ठामपणे मांडेन, मांडलंही पाहिजे, पण ते सिद्ध करायचं ओझं तुझ्या डोक्यावर येईल. तुझ्या लग्नावर मला तसला प्रयोग नको.

मग करायचं काय? विशेष विवाह कायदा, १९५४. याला लोक 'कोर्ट मॅरेज' म्हणतात, पण त्यात कोर्ट कुठेच नाही. जिल्ह्याचे विवाह अधिकारी असतात, आपल्याकडे ते नोंदणी व मुद्रांक विभागाच्या कार्यालयात बसतात. या कायद्याचं कलम १२ फार कमी जणांनी वाचलेलं आहे. पक्षकार निवडतील त्या कोणत्याही पद्धतीने लग्न लावता येतं, असं ते सांगतं. कोणत्याही! अट एकच : अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्या समोर, दोघांना समजणाऱ्या कोणत्याही भाषेत, एकाने दुसऱ्याला म्हणायचं की 'मी अमुक, तुला माझा कायदेशीर पती म्हणून स्वीकारते', आणि त्याने तसंच पत्नी म्हणून. भाषा कोणतीही चालते, म्हणजे अहिराणीही चालते. तुम्ही दोघांनी लिहून ठेवलेले शब्द त्याच्या मागे-पुढे हवे तेवढे बोला, हार घाला, आईच्या हातचं मंगळसूत्र घाला.

लग्न कार्यालयातच लागलं पाहिजे असंही नाही. वाजवी अंतरावरच्या दुसऱ्या जागी, जादा फी भरून, अधिकाऱ्याला बोलावता येतं. जळगावहून तुमचं शेत वाजवी अंतरात धरायचं की नाही आणि त्या दिवशी त्यांना येणं जमेल की नाही, हे त्यांच्याशी आधी बोलून घ्या. मागणी लेखी द्या. नाही जमलं तर वाईट वाटून घेऊ नकोस. आखाजीच्या एक-दोन दिवस आधी कार्यालयात जाऊन कायद्याचं वाक्य म्हणा, सह्या करा, आणि आखाजीला आंब्याखाली तुमचं लग्न तुमच्या मनासारखं लावा. कागदावर लग्नाची तारीख कार्यालयातली पडेल, एवढंच.

वेळेचं गणित मात्र पक्कं ठेव, यात माणसं हमखास चुकतात. दोघांपैकी एकाचं तरी त्या जिल्ह्यात नोटिशीआधी सलग ३० दिवस वास्तव्य हवं. तू जळगावलाच असतेस, तो प्रश्न मिटला. दोघांनी मिळून लेखी नोटीस द्यायची. ती कार्यालयात लावतात, आणि मुलगा शिरपूरचा म्हणून तिची प्रत धुळ्याच्या विवाह अधिकाऱ्याकडेही जाते, तिथेही लागते. मग ३० दिवस थांबायचं. नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत लग्न लागलं नाही तर नोटीस वाया जाते, पुन्हा पहिल्यापासून. महाशिवरात्र झाली की दुसऱ्याच दिवशी नोटीस द्या. तिथून आखाजीपर्यंत साधारण दोन महिने मिळतात. कोणी हरकत घेतलीच तर चौकशीला अधिकाऱ्याकडे ३० दिवस असतात, तेही त्यात बसतात. होळीनंतर गेलात आणि हरकत आली, तर आखाजी हातची जाईल.

हरकत कोण घेणार, असं वाटत असेल. घरातलं कोणी रुसून घेऊ शकतं. पण रुसवा हे कारण कायद्यात नाही. आधीचा जोडीदार हयात असणं, मुलाला २१ किंवा मुलीला १८ पूर्ण नसणं, मनाच्या आजारामुळे संमती देता न येणं, निषिद्ध नातं, असलीच कारणं चालतात. 'आम्हाला होम हवा होता' म्हणून कोणी अर्ज दिला तर तो टिकणार नाही. हरकत खोडसाळ निघाली तर हजार रुपयांपर्यंत भरपाई द्यायला लावण्याचा अधिकारही आहे. आणि अधिकाऱ्याने चुकून हरकत मान्य केलीच, तर ३० दिवसांत जिल्हा न्यायालयात अपील करता येतं.

आता मामांचं. त्यांनी जे ऐकलंय ते एके काळी खरं होतं. या कायद्याच्या कलम १९ प्रमाणे एकत्र हिंदू कुटुंबातल्या माणसाने याखाली लग्न केलं की तो कुटुंबापासून विभक्त झाला असं धरत. १९७६ साली दुरुस्ती झाली आणि कलम २१-अ आलं : दोघंही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर ते जुनं कलम लागूच होत नाही. त्यामुळे तुझ्या होणाऱ्या नवऱ्याचा शिरपूरच्या शेतीतला हक्क आहे तसा राहतो, वारसाहक्कही हिंदू वारसा कायद्यानेच चालतो. ही दुरुस्ती होऊन पन्नास वर्षं होत आली, तरी आपल्याकडे पारावर अजून १९५४ चाच कायदा सांगितला जातो. मामांना कलमाचा आकडा लिहून दे.

शेतीचा विषय निघालाच आहे तर आणखी एक, तू विचारलं नाहीस तरी सांगते. लग्नाच्या धांदलीत, बस्ता बांधायच्या आधी किंवा नंतर, 'एवढ्या कागदावर सही कर गं' म्हणून मुलींपुढे हक्कसोड पत्र येतं. हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलगी जन्मानेच मुलाइतकी हिस्सेदार आहे, आणि वडील कधी वारले यावर ते अवलंबून नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये स्पष्ट केलं. वडिलांच्या नावच्या सातबाऱ्यावर तुमची तिघींची वारस नोंद झाली आहे का, ते तलाठ्याकडे जाऊन पाहून ये. झाली नसेल तर लग्नाआधी करून घे. न वाचता कुठेही सही करायची नाही. काका चांगले असतील, असोतच. तरी नोंद करून घे.

मैत्रिणीचा सल्ला सगळ्यात सोपा आणि सगळ्यात फसवा. ग्रामसेवकाकडे नमुना ड भरून विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र मिळतं, ते १९९८ च्या राज्याच्या कायद्याने. पण ती नोंदणी झालेल्या लग्नाची असते. नोंदणीने लग्न लागत नाही. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हेच बजावलं : विधी न करता नुसतं प्रमाणपत्र घेतलेल्या जोडप्याचं लग्न हिंदू विवाह कायद्याखाली झालेलंच नाही. परदेशाच्या व्हिसासाठी, घराच्या अर्जासाठी असे कागद करणारी कितीतरी मुलं-मुली मी पाहिली आहेत. कागद हातात असतो म्हणून ती निर्धास्त असतात. त्या नमुन्यात लग्न लावणाऱ्या पुरोहिताचं नाव आणि सही मागणारा रकानाही आहे. भटजीविना लग्न केलेल्या मुलीने तिथे काय लिहायचं? विशेष विवाह कायद्याखाली केलंस तर हा प्रश्नच येत नाही. सह्या झाल्या की प्रमाणपत्र, आणि तोच लग्नाचा पुरावा.

नणंदबाईंचं म्हणणंही बरोबर आहे, फक्त तिथली अडचण वेगळी. इंग्लंडचा कायदा इमारतीला धरून चालतो. ठरलेल्या, मंजूर जागेतच लग्न लागायचं. आपला कायदा विधीला धरून आहे. तिथल्या कायदा आयोगाने (लॉ कमिशनने) जुलै २०२२ च्या अहवालात सुचवलं की इमारत सोडा, लग्न लावणाऱ्या अधिकृत व्यक्तीवर जबाबदारी टाका आणि जोडप्याला हव्या त्या जागी, हव्या त्या शब्दांत लग्न करू द्या. शेजारच्या स्कॉटलंडमध्ये धर्म न मानणाऱ्यांच्या पद्धतीने लागलेली लग्नं २००५ पासून वैध आहेत. नणंदबाईंना सांग, आमच्याकडे जागेचं इतकं बंधन कधीच नव्हतं. आपल्याकडे तर मांडव पडला ती जागा लग्नाची.

काकांशी बोलताना कायदा सगळ्यात शेवटी काढ. त्यांना आधी विचार, त्यांच्या भावाची लेक आहेस म्हणून त्यांना नेमकं काय करायचंय? बहुतेक वेळा म्हाताऱ्या माणसांना आपली जागा हवी असते, मंत्र नको असतात. त्यांना आणि काकूंना आईच्या बाजूला उभं करा, पहिल्या अक्षता त्यांच्या हातून पडू देत. कन्यादानाबद्दल ते अडलेच तर सांग की २०२४ च्या मार्चमध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने म्हटलंय, हिंदू लग्नाला कन्यादान आवश्यक नाही. आणि शिरपूरकरांचा सप्तपदीसाठी फारच जीव असेल तर ती करा की. पुण्याची ज्ञानप्रबोधिनी स्त्री पुरोहित तयार करते. अशा बाई आल्या तर प्रत्येक पावलाचा अर्थ मराठीत सांगतील, आणि दान कोणाचंही न करता सात पावलं चालता येतील. कायद्याचा कागद झाल्यावर सप्तपदी केली काय, नाही केली काय, तुमचं लग्न हलत नाही. बाकी हळद, रुखवत, आखाजीची गाणी, वरण-बट्टी आणि घोटलेल्या वांग्याची भाजी यातलं काहीच सोडू नका. भाऊबंद पंगतीला बसले की निम्मा रुसवा तिथेच उतरतो. मात्र कोणी जात गोळा करून तुमच्याकडे जायचं-यायचं बंद असं फर्मान काढलं, तर सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा राज्याचा कायदा आहे. तिथे भीड धरू नका.

तुमचं निभेल, कारण तुमच्या दोन्ही घरांचा होकार आहे. माझ्या मनात ती मुलं येतात ज्यांना तो नाही. त्यांच्यासाठी ती भिंतीवर लावलेली नोटीस म्हणजे घरच्यांना दिलेलं आमंत्रणच ठरते. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये नोटीस लावणं जोडप्याच्या इच्छेवर सोडलं, पण तो निकाल उत्तर प्रदेशापुरता. आपल्याकडे ३० दिवस ती लागतेच. मला वाटतं ती गेली पाहिजे. विवाह अधिकारी तालुक्याला बसला पाहिजे. धडगावकडच्या जोडप्याला घाट उतरून नंदुरबारला यायचं तर अख्खा दिवस मोडतो, नोटिशीला एकदा, लग्नाला पुन्हा एकदा. (सातपुड्यातल्या भिल्ल-पावरांना हिंदू विवाह कायदा लागूच नाही, अनुसूचित जमातींना तो वगळतो. त्यांची रूढी हाच त्यांचा कायदा. तिथे लग्न पंचांसमोर, आपल्या बोलीत लागतं आणि कोणी त्यांना सात पावलं विचारत नाही.) आणि महाराष्ट्राने आपलं ७-अ केलं पाहिजे. विवाह हा समवर्ती सूचीतला विषय आहे, म्हणजे त्यावर केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो, तामिळनाडूला जमलं ते राष्ट्रपतींच्या संमतीने आपल्यालाही जमेल. मी हे आमदारांना लिहिलंय, वकील संघात बोललेय, पुन्हा लिहीन. तुझ्यासारख्या मुलींनी लिहिलं तर जास्त ऐकलं जाईल. लग्न आटोपल्यावर एक पत्र लिही.

राहिलं तीन साक्षीदारांचं. तिसऱ्याची धावपळ शेवटच्या दिवशी होते, म्हणून नावं आजच ठरव. एक शिरपूरकडचं घ्या, काका तयार झाले तर एक काका. आणि पहिली सही आईची. विधवा आहे की सवाष्ण, हे तिथे कोणी विचारत नाही. आदल्या रात्री हळद दळली की तिने ती आधी तिच्या हाताने तुला लावायची, आणि मग त्याच पिवळ्या बोटांनी सही करायची. तिचं आधार कार्ड आणि दोन फोटो आठवणीने बरोबर घे.